तुम्ही विचारलंत म्हणून: "अजून गाडी चालवता?"

प्रश्न साधारण असा येतो. जेवायच्या आधी मी इन्सुलिनचं पेन काढते, कुणाचं तरी लक्ष जातं, मधुमेहाला किती वर्षं झाली असं विचारलं जातं, मी बत्तीस सांगते. बोलता बोलता डोळ्यांना लेझर झाल्याचं निघतं. मग निघताना मी गाडीची किल्ली हातात घेतली की समोरच्याच्या चेहऱ्यावर हिशेब सुरू झालेला दिसतो. "तुम्ही अजून गाडी चालवता? लायसन्स कसं काय राहिलं तुमचं?" काही जण काळजीपोटी विचारतात. काही जणांना त्याच रस्त्याने घरी जायचं असतं.

हो, चालवते. पूर्वीपेक्षा कमी चालवते, रात्री अजिबात नाही. मध्ये चार महिने तर किल्लीला हातसुद्धा लावला नव्हता. ते का, हे आधी सांगते. बाकीचं सगळं त्यातूनच आलेलं आहे.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी चौदा वर्षांची, शेजारच्या सीटवर. सिग्नलला थांबलो होतो. दिवा हिरवा झाला आणि मी त्याच्याकडे बघत बसले. काय हिरवा आहे, असं काहीतरी मनात चाललं होतं. त्या हिरव्याचा माझ्या पायाशी काही संबंध असतो, हे सुचत नव्हतं. मागून हॉर्न वाजले. "आई, चल ना." मी निघाले. पुढचा अर्धा किलोमीटर मीच चालवली असणार, कारण गाडी तिथवर पोचली होती; मला त्यातलं काही आठवत नाही.

"आई, गाडी बाजूला घे."

"का?"

"घे ना. विचित्र चालवतेयस तू."

"मला काहीही झालेलं नाही!" मी खेकसले. एरवी मी तिच्यावर खेकसत नाही. ती घाबरली असणार, पण तिने हात लांब करून हॅझर्डचं बटण दाबलं. त्या टिकटिकीमुळे की कशामुळे, मी निमूटपणे गाडी कडेला घेतली. तिनेच माझं बोट टोचलं. मीटरवर ४१.

साखर ७० च्या खाली गेली की तिला लो म्हणतात, आणि ५४ च्या खालची लो गंभीर धरतात. म्हणजे मी बराच वेळ खाली होते. तरी मला घाम आला नव्हता, हात थरथरले नव्हते, छातीत धडधडलं नव्हतं. पहिली कित्येक वर्षं हे सगळं व्हायचं. लो व्हायच्या आधी दरदरून घाम फुटायचा आणि मी रागारागाने साखर तोंडात टाकायचे. त्या घामाची किंमत तो बंद झाल्यावर कळली.

झालं होतं असं. साखर उतरायला लागली की निरोगी शरीर ग्लुकॅगॉन नावाचं हार्मोन सोडतं आणि यकृतातली साखर बाहेर काढतं. टाइप १ मधुमेहात, म्हणजे माझ्यासारख्या, शरीरात इन्सुलिन बनेनासं होणाऱ्या प्रकारात, ही सोय पहिल्या काही वर्षांतच मोडते. मग उरतं ॲड्रेनलिन. घाम, थरथर, धडधड ही त्याचीच कामं. पण वारंवार लो होत राहिली की शरीराला त्याची सवय होते आणि ॲड्रेनलिन उशिरा, अगदी थोडंसं सुटतं. गजर होत नाही आणि मेंदूचा पुरवठा थेट तुटतो. मेंदूकडे साखरेचा म्हणावा असा साठा नसतो. पहिली जाते ती अक्कल, आणि ती गेलीय हे कळायला अक्कलच लागते. म्हणून "मला कळतं हो लो झाली की" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मला ते वाक्य ऐकवत नाही. मीही तेच सांगायचे.

बरं, मी निष्काळजी होते असंही नाही. उलट फार काळजी घ्यायचे, आणि गोम तिथेच होती. मला मधुमेह झाला त्याच सुमारास, १९९३ साली, अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ टाइप १ रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. साखर कडक ताब्यात ठेवली तर, ज्यांच्या डोळ्यांवर अजून परिणाम झालेला नाही त्यांच्यात, पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो, असं त्यात दिसलं. माझे त्या वेळचे डॉक्टर हा आकडा मंत्रासारखा म्हणायचे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती: कडक ताबा ठेवणाऱ्यांना गंभीर लो जवळपास तिप्पट वेळा झाल्या. हा दुसरा भाग मला कुणी मंत्रासारखा सांगितला नाही. डोळे वाचवायचे म्हणून मी साखर खाली खाली ठेवत गेले आणि लोचे इशारे घालवून बसले. डोळे वाचलेच नाहीत पूर्ण, पण त्याचं पुढे सांगते.

४१ नंतर नवीन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "महिन्यात किती वेळा लो होते?" मी म्हणाले, "दोन-तीनदा." मीटरची मेमरी त्यांनी समोर धरली. एकोणीस. डॉक्टर काही बोलले नाहीत, आकडा मला दिसेल असा मीटर फक्त टेबलावर ठेवला. खोटं का बोलले? लायसन्स जाईल म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

उपाय ऐकून हसायला येईल: साखर थोडी जास्त ठेवायची. काही आठवडे लो होऊच द्यायची नाही. तसं केलं की हरवलेले इशारे बऱ्याच जणांत परत येतात. तोवर गाडी बंद. मला चार महिने लागले. एका दुपारी कपडे वाळत घालताना एकदम घाम फुटला, हात कापायला लागले. मीटरवर ६४. मी दोरीखाली उभी राहून चक्क खूश झाले.

त्यानंतर गाडीचे नियम ठरवले. सगळे घरात, टेबलाशी बसून, शुगर ठीक असताना ठरवले. रस्त्यावर जे ठरवेल ते डोकं कुठल्या अवस्थेत असेल याचा मला भरवसा नाही. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांसाठी जे सांगतात तेच मी जवळजवळ तसंच्या तसं उचललं. निघण्याआधीच्या दोन तासांत तपासणी, आणि लांब पल्ल्याला दर दोन तासांनी पुन्हा. साखर ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं. ७० च्या आसपास किंवा खाली असेल तर गाडी चालवायचीच नाही. गोड घ्यायचं, आणि साखर नॉर्मलला आल्यानंतर आणखी ४५ मिनिटं थांबायचं. लोकांना हे ४५ मिनिटांचं प्रकरण जाचक वाटतं. मीटरवर आकडा वर आला म्हणजे झालं की! पण रक्तात साखर पोचली तरी मेंदू पूर्ववत व्हायला वेळ घेतो, हे मी स्वतः बघितलंय. त्या दिवशी साखर ११० झाल्यावरही मला घरचा फोन नंबर आठवेना.

वाटेत लो झाली तर गाडी सुरक्षित जागी थांबवायची, इंजिन बंद करायचं, किल्ली काढायची, शक्य असेल तर ड्रायव्हरच्या सीटवरून उठायचं. लो झालेला माणूस "आता बरं वाटतंय" म्हणत पुन्हा गाडी सुरू करतो, त्याच्यावरचा हा उतारा. ग्लुकोजच्या गोळ्या दाराच्या कप्प्यात, हाताशी. डिकीतल्या बॅगेत ठेवलेल्या गोळ्या असून नसल्यासारख्या.

आता दंडावर सेन्सर आहे, तो दर थोड्या वेळाने आकडा देतो आणि कोकलतो. फार मोठी सोय. तरी तो रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि तो आकडा काही मिनिटं मागे असतो. म्हणून मी आकड्याआधी त्याच्या शेजारचा बाण बघते, साखर चढतेय की उतरतेय ते दाखवणारा. ९५ आणि बाण आडवा, तर ठीक. ११० आणि बाण सरळ खाली, तर बसून राहायचं.

हे सगळं ऐकून गोळ्यांवर असलेल्या मधुमेहींनी घाबरून जाऊ नये. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा अशी कोसळत नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी असेल तर मात्र डॉक्टरांना गाडीबद्दल आवर्जून विचारा. नाव माहीत नसेल तर पाकीट वाचा.

आता डोळे. पडद्यावर नको त्या नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवायला लागल्या तेव्हा दोन्ही डोळ्यांना लेझर केलं. त्यात पडद्याच्या कडेचा भाग शेकडो ठिकाणी जाळतात, म्हणजे त्याची प्राणवायूची मागणी घटते आणि नव्या वाहिन्या थांबतात. मधली नजर वाचवायला कडेची थोडी द्यायची, असा सौदा. अंधारात बघणाऱ्या पेशी बहुतेक त्या कडेलाच असतात. म्हणून अक्षरं मी चष्म्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि संध्याकाळी सातला कडेने चालणारा माणूस मला दिसत नाही. रात्रीची गाडी सोडायला मला कुणी सांगितलं नव्हतं. असा एक माणूस मला फार उशिरा दिसला, एवढंच.

लायसन्ससाठी म्हणूनच काही ठिकाणी नुसता अक्षरांचा तक्ता पुरत नाही, दृष्टिक्षेत्र, म्हणजे समोर बघताना कडेचं किती दिसतं, तेही मोजतात. युरोपातल्या नियमांत आडवं किमान १२० अंश लागतं. ही तपासणी मला इन्सुलिनपेक्षा जास्त घाबरवते. हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे बघायचं, आणि कुठेही प्रकाशाचा टिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. यंत्र बारीक कुरकुरतं. टिपका, बटण. टिपका, बटण. मग नुसतीच कुरकुर होते, टिपका नाही, आणि कळतं की आत्ता कुठेतरी एक उमटून गेला. न दिसता बटण दाबायचा मोह होतो. यंत्राला ते समजतं, तंत्रज्ञ बाई हसून म्हणाल्या.

पायांबद्दल थोडक्यात. नसांवर परिणाम झाला की तळव्याला पेडल कळेनासं होतं, ब्रेकवर पाय आहे की कडेवर हे बघावं लागतं. माझ्या बोटांपर्यंतच बधिरपणा आहे. दर सहा महिन्यांनी तपासून घेते आणि पातळ तळाचे बूट घालते. तळवा बधिर झाला तर थांबेन, किंवा पेडलांऐवजी हाताने चालवायची गाडी घेईन. तशाही असतात.

राहिला फॉर्म. त्यावर आजारांचा प्रश्न असतो, हो किंवा नाही. हितचिंतक सांगतात, "नाही लिही, कोण बघतंय?" एका खिडकीवरच्या माणसाने तर मला समजावलं की 'हो' लिहिलंत तर माझं काम वाढतं. मी 'हो' लिहिते आणि डॉक्टरांचं पत्र जोडते: गेल्या वर्षभरात दुसऱ्याची मदत लागेल अशी लो किती वेळा झाली, इशारे कळतात का, डोळे कसे आहेत. ब्रिटनमध्ये जागेपणी अशी लो वर्षात एकापेक्षा जास्त वेळा झाली तर गाडी थांबवावी लागते. मला ते रास्त वाटतं. पण नियम कडक असले की लोक डॉक्टरांशी खोटं बोलतात हेही खरं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. एकोणीसचे तीन मीच केले होते.

आणि घरी एक करार आहे. मुलीने किल्ली मागितली की द्यायची, का ते विचारायचं नाही. नऊ वर्षांत तिने दोनदा मागितली. पहिल्यांदा मी वाद घातला. मीटरवर ५८ निघाले. दुसऱ्यांदा गेल्या महिन्यात, तोवर तिचं स्वतःचं लायसन्स आलेलं. मी न बोलता किल्ली दिली, मग तपासलं तर १३२. तिला उगाचच तसं वाटलं होतं. तरी गाडी तिनेच चालवली, आणि फार वाईट चालवली.