अडलेली गाय, सोडवणारी मासळी

हर्णैजवळच्या आमच्या घरी सुट्टीला पोचले त्याच पहाटे गाय व्यायली. काकांनी पहिला चीक पाडीला पोटभर पाजला आणि उरलेला आईच्या हवाली केला. दुपारी गूळ-जायफळ घातलेला खरवस ओटीवर आला, आणि काकूने दरवर्षीचा प्रश्न टाकला, "तू तिकडे नक्की करतेस काय गं?"

"गाईचं एक प्रथिन शोधते."

"मग जर्मनीला कशाला गेलीस? गोठ्यात जायचंस."

त्या प्रथिनाचं नाव अ‍ॅप्रोटिनिन. 1936 साली कुनिट्झ आणि नॉर्थ्रॉप यांनी ते गाईच्या स्वादुपिंडातून शुद्ध केलं. अवघ्या 58 अमिनो आम्लांचं हे पिल्लू, पण प्रथिनं कापणाऱ्या ट्रिप्सिनच्या तोंडात बुचासारखं बसतं. एकेकाळी हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव आवरायला ते देत. 2007 साली कॅनडातल्या चाचणीत मृत्यू जास्त दिसले आणि औषध बाजारातून गेलं; पुढे काही देशांत मर्यादित वापरापुरतं परत आलं. प्रयोगशाळेत मात्र ते अजून लागतं. आम्ही पेशींकडून एखादं प्रथिन बनवून घेतो, ते त्यांच्याच कातऱ्यांनी चिरलं जाऊ नये म्हणून अ‍ॅप्रोटिनिन घालतो. शेवटी ते सगळं निघून गेलं का, हे दाखवावं लागतं, आणि तिथे अँटिबॉडी लागते, म्हणजे नेमकं एकच प्रथिन ओळखून धरणारं दुसरं प्रथिन. (अ‍ॅप्रोटिनिन बहुतेक वेळा गाईच्या फुप्फुसातून काढतात. तेवढं मी काकूला सांगितलं नाही.)

नमुना जेलच्या, म्हणजे लुसलुशीत थराच्या, आतून पळवायचा, त्यात लहान प्रथिनं तळाशी जातात, मग विजेच्या जोरावर पातळ पडद्यावर उतरवायचा. साडेसहा किलोडाल्टनचं, म्हणजे फारच हलकं, हे प्रथिन नेहमीच्या 0.45 मायक्रॉनच्या पडद्यातून निसटून जातं, मोठ्या आसाच्या जाळ्यातून कोलीम जावी तसं. म्हणून 0.2 मायक्रॉनचा पडदा घेतला. पडद्यावरच्या मोकळ्या जागी अँटिबॉडी उगाच चिकटू नये म्हणून आधी दुधाच्या पावडरीच्या पाण्यात तो भिजवतात. सगळे तसंच करतात, मीही केलं. मग सशाकडून मिळवलेली अँटिबॉडी घातली. ती जिथे चिकटते तिथेच काळं उमटतं.

पडदा काळाकुट्ट. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. तीन आठवडे गेले, आणि मी अँटिबॉडीच्या बाटलीला मनातल्या मनात शुद्ध मराठीत शिव्या घातल्या. बिचारीचा दोष नव्हता. सशाच्या रक्तातून येते ती एक अँटिबॉडी नसते, अनेकींची मिसळ असते. त्यातल्या काहींनी दुधातल्या गाईच्या प्रथिनांनाच धरलं. शोधायची गाय आणि सगळा पडदा मीच गाईने माखलेला! शेवटी थंड पाण्यातल्या माशांच्या कातड्यापासून केलेलं जिलेटिन वापरलं, आणि तळाशी, जिथे दिसायला हवी तिथेच, एक बारीक रेघ उमटली.

"म्हणजे म्हावऱ्यानेच काम केलं," काका खूश झाले.

मला मात्र खरवस खाताना वेगळंच सुचत होतं. वासरू अंगात जवळपास अँटिबॉडीशिवायच जन्मतं, वारेतून त्या पोचत नाहीत. चिकातूनच मिळतात, तेही पहिल्या दिवसभरातच, पुढे आतडं त्या आत घेत नाही. आणि पोटात त्या पचून जाऊ नयेत म्हणून चिकातच ट्रिप्सिनला अडवणारं एक प्रथिन असतं, अ‍ॅप्रोटिनिनचंच भाऊबंद. मी महागड्या बाटल्यांतून ज्या दोन गोष्टी एकमेकींसमोर आणते, त्या चरवीत आधीच एकत्र होत्या. पाडीला आधी पाजायचं हे काकांना कोणी शिकवलं ते त्यांनाही आठवत नाही. "आधी तिचं, मग आपलं," एवढंच म्हणाले.

निघताना आईने खरवसाचा डबा बॅगेत कोंबला. मी काढला. दुधाचे पदार्थ भारतातून युरोपात नेऊ देत नाहीत. मासळी मात्र ठरावीक वजनापर्यंत चालते. काकूने डब्याच्या जागी अर्धा किलो सोडे भरले, वर दोन पिशव्यांत गुंडाळून.