गावाची बँक आणि गावाचाच धाक

बालीला गेलो तेव्हा सगळे देवळं आणि बीचचे फोटो काढत होते, मी मात्र गावागावात दिसणारी 'एलपीडी' अशी पाटी बघत होतो. बाबा आयुष्यभर पतसंस्थेत क्लार्क, त्यामुळे असल्या पाट्या मला आधी दिसतात. घरी येऊन वाचत बसलो.

एलपीडी म्हणजे गावची पतपेढीच, पण शेअर्स वगैरे काही नाही, मालक अख्खं गाव. गाव म्हणजे ग्रामपंचायत नव्हे हां, तिथे सरकारी गाव वेगळं आणि 'देसा आदात' म्हणजे देवळांचं, रूढींचं गाव वेगळं, पेढी या दुसऱ्याची. १९८४ मध्ये गव्हर्नर इदा बागुस मंत्रा यांनी सुरू केली, आता हजाराच्या वर आहेत. नफ्याचा बराचसा भाग भांडवलात जातो आणि २० टक्के गावाला, म्हणजे देवळाची डागडुजी, सण, असली कामं त्यातून निघतात.

पण मी अडकलो ते वसुलीपाशी. आपल्याकडे सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला काढा, जप्ती आणा, तोवर जामीनदाराचा फोन बंद. तिथे तारण असतंच, पण खरा धाक गावाचा, कर्ज थकलं की विषय गावसभेत येऊ शकतो, आणि गावाचे नियम मोडणाऱ्याला 'कासेपेकांग' म्हणजे चक्क वाळीत टाकायची रूढी आहे, प्रसंगी गावचं स्मशानसुद्धा बंद. वाचताना आधी भारी वाटलं, मग आठवलं की आपल्याकडे वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६ला कायदा करावा लागला, मग तेवढं भारी नाही वाटलं.

आणि दुसरी भानगड म्हणजे देखरेख करणाऱ्या मंडळाचा प्रमुख गावचा बेंदेसाच, म्हणजे रूढीगावाचा मुख्य. देवळं, रूढी सगळं ज्याच्या हातात त्याला हिशेब कोण विचारणार? काही गावांत पेढी चालवणाऱ्यांनीच पैसे खाल्ले, जेलमध्येही गेले. इंडोनेशियाच्या २०१३च्या मायक्रोफायनान्स (छोट्या कर्जसंस्थांच्या) कायद्यातून एलपीडींना वगळलंय आणि बँकेसारखा ठेवींचा सरकारी विमाही नाही, पैसे गेले तर गावाचेच गेले.

बाबांना हे सगळं उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "ऑडिट कोण करतं रे?" मी म्हटलं, वरून प्रांताची माणसं येतात, पण रोजचं लक्ष गावच्याच मंडळाचं. "आमच्याकडे पण चेअरमनच्या पुतण्याची फाईल सगळ्यांना माहीत होती," म्हणाले आणि पेपर उघडून बसले.