पिस्तूल नाही, पण होल्स्टर शिवते

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते, कारण मंडळाच्या गणपतीत भेटा नाहीतर कुणाच्या डोहाळजेवणात, प्रश्न तोच असतो, "अगं तुझ्याकडे साधं पिस्तूल पण नाही ना, मग ते होल्स्टर कशाला शिवत बसतेस?" बरोबर आहे, नाहीये. घ्यायचंही नाहीये. आणि तरी वीकेंडला गराजमध्ये माझा वेळ जातो तो यातच, पँटच्या आत कमरेला अडकवायचं, वरून शर्ट आला की कुणाला पत्ता लागणार नाही असं चामड्याचं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, इकडे असं लपवून पिस्तूल बाळगण्याला कन्सील्ड कॅरी म्हणतात, त्यासाठीचं.

आधी हे टेक्सस आहे हे लक्षात घ्या. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे २१ वर्षांच्या पुढच्या आणि कायद्याने बंदूक बाळगू शकणाऱ्या माणसाला पिस्तूल कमरेला लावून फिरायला लायसन्सही लागत नाही. (एचवनबीवाल्यांनी हुरळून जाऊ नये, फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना बंदूक आणि गोळ्या बाळगायला मुळातच बंदी आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको.) तर ग्रोसरीच्या लाइनीत पुढे उभ्या असलेल्या आजोबांच्या कमरेला काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. मला हे आवडतं का, तर नाही. पण आहे ते आहे, आणि त्यातले बरेच जण ते कुठल्यातरी स्वस्तातल्या मऊ कापडी पाकिटात कोंबून फिरतात याची मला पिस्तुलापेक्षा जास्त धास्ती वाटते.

का ते सांगते. ग्लॉक १९ घ्या, इकडे पिस्तुलाचं अगदी कॉमन मॉडेल. त्याला बाहेरून अंगठ्याने लावायचा सेफ्टीचा खटका नसतो. मुख्य सेफ्टी ट्रिगरच्या पानातच बसवलेली, ट्रिगर दाबला की ती आपोआप सुटते, आणि दाबायला साधारण साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलोच्या आसपास जोर पुरतो. आता तो जोर बोटाने दिला, शर्टाच्या अडकलेल्या टोकाने दिला की जॅकेटच्या दोरीच्या गाठीने दिला, पिस्तुलाला काय कळतंय. जुन्या, मऊ पडलेल्या चामडी होल्स्टरच्या तोंडाला घडी पडून ती घडीच ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीत, शिरली आणि पिस्तूल आत सारताना गोळी सुटली असेही प्रकार झालेले आहेत. कमरेला लावलेल्या पिस्तुलाची गोळी कुठे जाते ते वेगळं सांगायला नको. म्हणजे या सगळ्या भानगडीत होल्स्टर ही एकच वस्तू आहे जिचं सगळं काम म्हणजे नको तेव्हा काही होऊ न देणं. ते काम मला करावंसं वाटतं. उत्तर खरं तर इथेच संपलं, पुढचं सगळं चामड्याबद्दल आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी इथेच थांबा.

एक मात्र आहे, आपल्या लोकांना, विशेषतः आमच्या नात्यातल्या मावश्या-आत्यांना, पिस्तुलापेक्षा चामडंच जास्त टोचतं. "गाईचं का गं?" हा प्रश्न आवाज खाली करून येतो. हो, इथलं जाड होल्स्टरचं चामडं बहुतेक गाईबैलांचंच असतं, आणि त्याच मावशींच्या सोफ्याला नि पर्सला काय आहे ते मी काढत नाही. दुसरा न बोललेला प्रश्न म्हणजे "हे काम आपलं का?" त्याला माझ्याकडे उत्तर नाही, राग आहे, कारण ज्यांचं हे पिढ्यानपिढ्यांचं काम त्यांच्या हातातलं कसब काय असतं ते स्वतः आरी धरल्याशिवाय कळत नाही.

चामडं कुठलंही चालत नाही. बाजारातल्या बहुतेक बॅगा नि जॅकेटं क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या, चामड्याची असतात, ते मऊ राहतं, ओलं करून आकार द्या, वाळलं की परत जैसे थे, शिवाय त्यातल्या क्षारांनी पिस्तुलाच्या धातूला त्रास होऊ शकतो. होल्स्टरला लागतं व्हेजिटेबल टॅन, म्हणजे झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं. मी वापरते ते मिसुरीतल्या सेंट लुईसच्या हर्मन ओकचं, ती टॅनरी १८८१ पासून आहे, किंवा मग पेनसिल्व्हेनियातल्या विकेट अँड क्रेगचं. जाडी इथे औंसात मोजतात, एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तर सात-आठ औंसाचं म्हणजे साधारण तीन मिलिमीटरचं चामडं. कोल्हापुरी चपलेचं चामडंही याच जातीचं, बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं, आणि कोल्हापुरी पावसात घालू नका म्हणतात त्याचं कारणही हेच, भिजली की मऊ होते आणि वाळेल त्या आकारात बसते. चपलेत जो तोटा तोच आम्हाला हवा असतो.

मग पिस्तूल नसताना माप कसं घेते? ब्लू गन म्हणून मिळते, हुबेहूब त्या मॉडेलच्या मापाची निळी भरीव प्लास्टिकची प्रतिकृती, तिच्यातून काही उडत नाही. माझ्या शेल्फवर अशी निळी खेळणी ओळीने लागलेली आहेत, आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस दोन मिनिटं गप्प होतो.

पॅटर्न काढताना मुख्य हिशोब शिलाईच्या रेषेचा. पिस्तुलाची बाह्यरेषा कागदावर काढायची आणि तिच्या बाहेर पिस्तुलाच्या निम्म्या जाडीइतकं अधिक चामड्याच्या जाडीइतकं अंतर सोडायचं, इंचभर जाड स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) असेल तर तेरा अधिक तीन, सोळा मिलिमीटर. दोन मिलिमीटर जास्त गेलं की पिस्तूल आत डुलतं, कमी पडलं की जातच नाही. आणि समोरची माशी, म्हणजे नेम धरायचं पुढचं साइट, तिच्यासाठी वेगळी वाट ठेवावी लागते, डमीवर साइटच्या रेषेत एक बारीक लाकडी पट्टी टेपने चिकटवून मगच मोल्ड करायचं, म्हणजे ओलं चामडं तिच्यावर दाबून आकार द्यायचा, नाहीतर दर वेळी पिस्तूल ओढताना ती माशी आतलं चामडं किसत राहते आणि साइटवर चामड्याचा भुगा जमतो.

कापून झालं, सोल्युशन लावून चिकटवलं की शिवण. दोन सुया, एकच मेणाचा दोरा, आरीने भोक पाडायचं आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोरून काढायच्या. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, एक झिजून तुटला की शेजारचे टाके सैल व्हायला लागतात. हातच्या टाक्यात एक पदर तुटला तरी दुसरा सगळ्या भोकांतून सलग गेलेला असतो. ट्रिगर गार्डच्या भोवतीचं वळण मी सगळ्यात शेवटी, दिवसा उजेडी शिवते, तिथे टाका तिरका गेला तर उसवते, चिकटवलेल्या दोन थरांतून जुन्या भोकाला नवं भोक न लागता परत आरी घालणं हे काय असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक.

आता मला सगळ्यात आवडतं ते, मोल्डिंग. शिवलेलं होल्स्टर कोमट पाण्यात बुडवायचं, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढायचं आणि लगेच हात लावायचा नाही, रंग परत थोडा उजळायला लागेपर्यंत वाट बघायची, चामडं तेव्हा आतून ओलं आणि वरून जरा आवरलेलं असतं. मग ब्लू गन आत घालायची आणि अंगठ्याने दाबत जायचं, ट्रिगर गार्डची पोकळी, काडतूस बाहेर पडायची खिडकी, स्लाइडची कड. अंगठ्या-बांगड्या काढून आणि नखं कापून, कारण या क्षणी उमटलेलं नख कायमचं राहतं. लोखंडाची कुठलीही वस्तू जवळ आणायची नाही, ओल्या टॅनिनला लोखंड लागलं की निळा-काळा डाग, तोही कायमचा (आपल्याकडे हिरडा आणि हिराकसाची शाई करायचे ना, तीच केमिस्ट्री). खोल छाप उमटवायचा मोह होतो, फोटोत छान दिसतं, पण सगळीकडे खोल दाबलं तर पिस्तूल अडकतं. पकड हवी ती ट्रिगर गार्डच्या मागेपुढे, बाकी ठिकाणी हलका हात. मग मंद उबेवर, पन्नास डिग्रीच्या आतच वाळवायचं, घाई करून ओव्हन तापवला की चामडं आक्रसतं आणि ठिसूळ होतं.

तोंडाशी चामड्याचा जादा थर देते, म्हणजे पिस्तूल बाहेर काढलं तरी बेल्टच्या दाबाने तोंड मिटत नाही आणि एका हाताने, न चाचपडता परत ठेवता येतं. मघाशी सांगितलेली ती घडी इथेच पडते, त्यामुळे हा थर ऑप्शनल नाही, नको असेल तर दुसरीकडे जा. तसंच ट्रिगर उघडा ठेवणारं डिझाइन. १९२० च्या दशकात याच टेक्ससात, एल पासोच्या एस. डी. मायर्सच्या खोगिराच्या दुकानातून टॉम थ्रीपर्सन्स या पोलिसाच्या नावाचं होल्स्टर निघालं, फार गाजलं, आजही त्याच्या नकला विकल्या जातात, आणि त्यात ट्रिगर गार्ड उघडा, बोट लवकर पोचावं म्हणून. दिसायला देखणं आहे, वाद नाही. मी करत नाही.

कायडेक्सचं का नाही घ्यायचं, हा पण एक प्रश्न येतो. घ्या की! ते गरम करून साच्यात दाबलेलं प्लास्टिक, स्वस्त, घामाने काही होत नाही, तोंड कधी मिटत नाही, आणि ह्यूस्टनच्या जुलैत पोटापाशी लावणार असाल तर मी स्वतःच सांगते की माझ्याकडून घेऊ नका. चामडं अंगाला बरं वाटतं, आवाज करत नाही, कंबरेच्या वळणावर बसतं, पण घाम पितं आणि दोनचार वर्षांनी तोंडापाशी मऊ पडलंय का ते तपासावं लागतं, पडलं असेल तर सरळ फेकून द्यावं लागतं. आणि पिस्तूल घरी त्यातच घालून महिनोन्महिने ठेवायचं नाही, चामड्यातल्या ओलाव्याने गंज चढतो, पितळी काडतुसांवर हिरवं येतं.

माझ्याकडे येणाऱ्यांत बायका बऱ्याच, कारण दुकानातलं बहुतेक होल्स्टर पुरुषाच्या सरळ कमरेचा विचार करून केलेलं. बाईच्या नितंबाचा गोलावा नळीचं टोक बाहेर ढकलतो आणि मूठ वर बरगडीत टोचते, किंवा उलट मूठ बाहेर येऊन कुर्त्यातून दिसते. कुठे लावणार, बेल्ट किती रुंद, बसून काम की उभ्याने, हे सगळं मी विचारते, मग कोन बदलते, टोकाच्या मागे छोटी पाचर शिवते की मूठ अंगाकडे वळावी.

पर्ससाठी मात्र करत नाही, कितीही ओळखीचं असलं तरी. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोतल्या हेडनमध्ये, वॉलमार्टमध्ये, दोन वर्षांच्या मुलाच्या हाताला आईच्या पर्समधलं पिस्तूल लागलं आणि त्यात ती आई गेली. पर्स खास पिस्तुलासाठी वेगळा कप्पा असलेलीच होती. पर्स खांद्यावरून उतरते, ट्रॉलीत राहते, मुलं त्यात चॉकलेट शोधतात. यावर मैत्रिणीशी वाद झालाय, होऊ दे.

आणि शेवटचं, भारतातून येणाऱ्या मेसेजबद्दल. आपल्याकडे नऊ एमएम सामान्य माणसाला मिळत नाही, लायसन्सवर बहुतेकांकडे .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर, बरंचसं कानपूरच्या फॅक्टरीतलं. त्याचा डमी मला कुठे मिळालेला नाही, आणि डमीशिवाय मी मोल्ड करत नाही. नगरकडचे एक काका म्हणाले फोटो आणि मापं व्हॉट्सॲपवर पाठवतो, चारी बाजूंनी काढून. काका, फोटोवरून ब्लाउजसुद्धा धड बेतता येत नाही. तुमच्या गावात चपला शिवणारे कुणी जुने कारागीर असतील तर लायसन्स दाखवून, रिव्हॉल्व्हर रिकामं करून त्यांच्यासमोर बसा, ट्रिगर पूर्ण झाकायला सांगा आणि तोंडाला दुहेरी चामडं लावून घ्या. पैसे ते सांगतील तेवढे द्या, घासाघीस करू नका.