टाइम्स स्क्वेअरच्या जाळीखालचा तंबोरा

आई पहिल्यांदाच अमेरिकेत आलीये त्यामुळे न्यूयॉर्कचं टाइम्स स्क्वेअर करणं भागच होतं. मला स्वतःला ती जागा अजिबात आवडत नाही, नुसता गोंगाट, त्यात ते कार्टूनचे पोशाख घातलेले लोक गळ्यात पडून फोटो काढतात आणि मग डॉलर मागतात. पण यावेळी तिला एक गंमत दाखवायची होती. दाखवायची म्हणजे, ऐकवायची.

ब्रॉडवे आणि सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू जिथे एकमेकांना छेदतात तिथे ४५ आणि ४६व्या स्ट्रीटच्या मधे जमिनीत लोखंडी जाळी आहे, सबवेची हवा जायला असते ना तशीच. तिच्याखाली मॅक्स न्यूहाउस नावाच्या माणसाने १९७७ साली एक आवाज बसवून ठेवलाय, मधे १९९२ ते २००२ बंद होता, पण आता चोवीस तास चालू. आणि पाटी नाही, बाण नाही, काही नाही!! हे मुद्दाम बरं का, ज्याला सापडेल त्याला सापडावं.

हा न्यूहाउस मुळात तालवाद्यं वाजवणारा, कार्नेगी हॉलमधे वगैरे वाजवलेला. १९६६ मधे त्याने ओळखीच्या लोकांना बोलावलं, प्रत्येकाच्या हातावर 'लिसन' असा शिक्का मारला आणि चौदाव्या स्ट्रीटवरून पायी नेलं, वाटेत वीजघराची घरघर ऐकायला. झाला कार्यक्रम. आपल्याकडे लोकांनी निदान चहा तरी मागितला असता.

तर जाळी. तिथे जाळ्या एक सोडून चार आहेत हे मी विसरले होते, त्यामुळे आधी भलत्याच जाळीवर उभं राहून मी मोठ्या रुबाबात "येतंय ना ऐकू?" विचारतेय आणि आई बिचारी "हो हो" म्हणतेय. मग ती आपली आपण पुढे गेली आणि थबकली. "अगं, खाली कुणी तंबोरा लावलाय का?"

आईचं माहेर मिरजेचं, सतारमेकर गल्लीच्या मागेच. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, कानशीने घासत जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा झंकार, काढणारे कारागीर बघत ती मोठी झाली, तारेखालचा दोरा केसभर सरकवला की आवाज कसा उघडतो हे तिला अजून आठवतं. मी वाचलं होतं की मोठ्या घंटेचा ठोका विरल्यावर मागे जो नाद उरतो तसा हा आवाज आहे, पण तिच्या डोक्यात घंटा आलीच नाही. डोळे मिटून उभी राहिली, मग दोन पावलं बाहेर, परत आत, परत बाहेर. "बाहेर पडलं की जातो गं!" आणि वर, "जवारी बरीये, पण सा कुणाचा धरलाय देव जाणे."

दोन बायका जाळीवर वाकून उभ्या म्हटल्यावर हॉटडॉग खाणारा एक पोरगा थांबला. आईने त्याला सरळ दंडाला धरून "इथे, इथे ये बाळा" करत जागेवर आणलं, मराठीतच. त्याने चावणं थांबवलं. मग त्याने मैत्रिणीला हाक मारली आणि आम्हाला जाळीवर जागा उरली नाही.

निघताना आईने फोन जाळीला लावून मिरजेच्या मावशीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्डिंग केलं. न्यू जर्सीतल्या एडिसनला जाणाऱ्या ट्रेनमधे बसलो तेव्हा मावशीचा मेसेज आला, नुसते हॉर्न ऐकू येताहेत, पोचलात का घरी?