दूरची प्रत आणि जुनी प्रत

आमचे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने तयार करून देण्याचे दुकान पूर्वी नाशिकच्या भांडीबाजारात होते. पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले, छातीला लागले की डोक्यावरून गेले, यावरून नाशिककर गोदावरीच्या पुराचा जोर सांगतात. २ ऑगस्ट २०१६ रोजी मात्र आम्हाला मारुतीकडे पाहायला सवडच मिळाली नाही, कारण पाणी सराफ बाजार आणि भांडीबाजारात शिरले होते आणि आम्ही कागदाची रिमे माळ्यावर चढवत होतो. सीपीयू टेबलाखाली जमिनीवर होता, आणि ज्या बाहेरच्या हार्डडिस्कवर मी दर शनिवारी न चुकता प्रत काढत असे ती त्याच टेबलाच्या खालच्या खणात होती. दोन्ही एकाच पाण्यात गेल्या. बारा वर्षांच्या लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, स्मरणिका आणि दोन दिवाळी अंकांची पाने यांतले जे काही परत मिळाले, ते ग्राहकांना वेळोवेळी ईमेलने पाठवलेल्या पीडीएफमधून मिळाले.

प्रत काढण्यात माझ्याकडून कसूर झाली नव्हती. मूळ आणि प्रत यांच्यामध्ये अंतर ठेवायचे राहिले होते. पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम मला पुरानंतर कळला. कोणत्याही महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी, असा तो नियम आहे. माझ्याकडे प्रती दोन होत्या आणि जागा एकच होती.

त्यानंतर मी घरून, म्हणजे इंदिरानगरहून काम सुरू केले, अशोक स्तंभाजवळ एक लहान कार्यालय ठेवले आणि दोन्हीकडच्या संगणकांवरचे कामाचे फोल्डर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या साठ्यावर, सिंक करायला लावले, म्हणजे एकीकडचा बदल आपोआप दुसरीकडे पोचावा. फुकट मिळणारी जागा आमच्या कामाला पुरणारी नव्हती. ड्रॉपबॉक्स २ जीबी देतो, वनड्राइव्ह ५ जीबी, आणि गूगल १५ जीबी देत असले तरी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांना मिळून ती जागा वापरावी लागते. म्हणून वर्षाचे पैसे भरून जागा घेतली. पहिल्या खेपेस १८० जीबी चढवायचे होते. जाहिरातीत ठळक छापलेला वेग बहुधा डाउनलोडचा असतो, आपल्याला लागतो तो अपलोडचा, आणि माझ्या जोडणीवर तो २० एमबीपीएस होता. हा आकडा बिटांचा असल्यामुळे ८ ने भागावा लागतो. म्हणजे सेकंदाला अडीच एमबी, आणि १८० जीबीला ७२,००० सेकंद, सलग २० तास. दिवसा काम अडू नये म्हणून मी ते रात्रीच चालू ठेवत असे, त्यामुळे तीन रात्री गेल्या. पहिल्यांदा क्लाउडवर जाणाऱ्याने हे गणित आधी मांडावे. ते न मांडल्यामुळे पहिल्याच दिवशी कंटाळून सिंक बंद करणारी माणसे मी पाहिली आहेत.

पुढची काही वर्षे मी निर्धास्त होतो, आणि मग दुसरे नुकसान झाले.

एका पतसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे काम आम्ही केले होते. सभासदांनी घरोघरच्या ट्रंकांमधून काढून दिलेली जुनी छायाचित्रे आम्ही स्कॅन करून घेतली आणि मूळ छायाचित्रे ज्याची त्याला परत केली. दिवाळीच्या सुमारास कार्यालयातला संगणक जागा संपल्याचे सांगू लागला, तेव्हा आमच्या सहायक मुलीने झालेल्या कामाचे म्हणून ते फोल्डर काढून टाकले. आपण फक्त या संगणकावरून काढतो आहोत, असे तिला वाटले होते. सिंक करणाऱ्या प्रोग्रामने ती आज्ञा क्लाउडला कळवली आणि क्लाउडने माझ्या घरच्या संगणकाला कळवली. जानेवारीत पतसंस्थेने ती छायाचित्रे भिंतीवर लावण्यासाठी मागितली, तेव्हा मी फोल्डर शोधू लागलो. सहायक मुलगी म्हणाली, “दादा, ते क्लाउडवर असेलच ना?” क्लाउडच्या कचरापेटीतून ते तीस दिवसांनी आपोआप नाहीसे झाले होते. छपाईसाठी दिलेली पीडीएफ सापडली, पण तिच्यातली छायाचित्रे पानावरच्या आकाराची, लहान केलेली होती. मोठे स्कॅन कायमचे गेले. त्या मुलीला मी बोल लावला नाही. तिच्या प्रश्नाला जे उत्तर द्यायला हवे होते ते मीच तिला कधी दिले नव्हते, कारण ते मलाही नीट उमगले नव्हते.

ते उत्तर असे आहे. सिंक म्हणजे अनेक जागी एकच आजची स्थिती ठेवणे. घरी दुरुस्त केलेले पान कार्यालयात दुरुस्त होऊन दिसावे हे तिचे काम, आणि ते ती चोख करते. म्हणूनच चूकही ती तितक्याच चोखपणे पोचवते. काढून टाकलेली फाइल सगळीकडून जाते आणि बिघडलेली फाइल सगळीकडे बिघडते. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारा विषाणू एका संगणकात शिरला, तर कुलूपबंद झालेल्या फायलीच नवीन आवृत्ती म्हणून वर चढतात. बॅकअपचे काम वेगळे आहे. गेल्या मंगळवारी, गेल्या महिन्यात, गेल्या दिवाळीत फाइल जशी होती तशी त्याने द्यायची असते. पुराने मला शिकवले की प्रत दूर असली पाहिजे. या घटनेने शिकवले की ती जुनीही असली पाहिजे. क्लाउडवरच्या सिंकमुळे दूरची प्रत मिळते. जुनी प्रत त्यात ठरावीक मुदतीपुरतीच मिळते, आणि ती मुदत किती हे आपण पैसे भरण्याआधी पाहून ठेवायला हवे.

मुदती बहुतेक ठिकाणी लहान आहेत. गूगल ड्राइव्हची कचरापेटी ऑक्टोबर २०२० पासून ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. तिथे ठेवलेल्या वर्ड, कोरल किंवा पीडीएफ अशा फायलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या यांपैकी जी मर्यादा आधी येईल तिथपर्यंत टिकतात. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्याची आणि ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्याची मुदतही ३० दिवसांचीच आहे. घरातल्या कागदपत्रांचा विचार केला तर तीस दिवस फारच थोडे होतात. विमा, सातबारा, दाखले, मुलांच्या गुणपत्रिका यांची फाइल आपण वर्षातून एकदा उघडतो, आणि ती हरवल्याचे आपल्याला त्याच दिवशी कळते.

तेव्हापासून मी फोल्डरांची विभागणी केली आहे. चालू कामाचे फोल्डर तेवढेच सिंकमध्ये असते. पूर्ण झालेले काम वर्षाच्या नावाच्या फोल्डरात जाते. त्याची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि एक प्रत क्लाउडवरच्या अशा दुसऱ्या खात्यात असते, जे कोणत्याही संगणकाशी सिंक केलेले नाही आणि ज्यात मी ब्राउझरमधूनच फायली चढवतो. यात हाताने करायचे काम वाढते, हे मान्य आहे. पण एखाद्या संगणकावर चुकून दाबलेली डिलीटची कळ तिथवर पोचू शकत नाही, आणि मला तेच हवे आहे.

चालू कामातही सिंकच्या काही खोडी सांभाळाव्या लागतात. इनडिझाइन या पाने मांडायच्या प्रोग्रामची फाइल उघडली की तिच्या शेजारी एक छोटी कुलूपफाइल तयार होते, जेणेकरून दुसऱ्याने तीच फाइल त्याच वेळी उघडू नये. एका कार्यालयातल्या नेटवर्कवर हे ठीक चालते. क्लाउडमधून मात्र ती कुलूपफाइल दुसऱ्या संगणकावर काही वेळाने पोचते, तोवर तिथे कोणी फाइल उघडलेली असते, आणि संध्याकाळी एकाच दिवाळी अंकाच्या दोन फायली दिसतात, ज्यांतल्या एकीच्या नावापुढे संगणकाचे नाव लागलेले असते. कोणत्या फाइलमध्ये प्रूफ लागले आहे हे मग पानागणिक ताडून पाहावे लागते. म्हणून आम्ही फाइल उघडण्यापूर्वी फोनवर एक शब्द टाकतो, आणि निघताना सिंक पुरे झाल्याची खूण दिसल्याशिवाय संगणक बंद करत नाही. टॅलीच्या डेटाचे फोल्डर तर चालू स्थितीत सिंकमध्ये ठेवूच नये. त्यात एकमेकांवर अवलंबून असलेल्या अनेक फायली एकाच वेळी लिहिल्या जातात आणि त्या अर्धवट चढल्या तर हिशेब उघडत नाही. टॅलीतल्याच सोयीने बॅकअप काढावा आणि ती तयार फाइल वर पाठवावी.

जागा वाचवणाऱ्या सोयीबद्दलही सावध राहावे. वनड्राइव्हमध्ये ढगाची खूण असलेली फाइल संगणकावर दिसते, पण तिचा मजकूर तिथे नसतो. गूगल ड्राइव्हमध्येही स्ट्रीम आणि मिरर असे दोन पर्याय आहेत आणि पहिल्यात तेच घडते. असे फोल्डर इंटरनेट बंद असताना हार्डडिस्कवर उतरवायला गेलो तर हाती काही लागत नाही. गूगल डॉक्सची तर आणखी वेगळी गोष्ट आहे. संगणकावर दिसणारी त्याची फाइल हा केवळ पत्ता असतो, मजकूर नसतो, आणि ती पेनड्राइव्हवर घेतली तरी पत्ताच घेतलेला असतो. मजकूर हवा तर तो वर्ड किंवा पीडीएफ म्हणून उतरवावा, किंवा गूगल टेकआउटमधून सगळा एकदम मागवावा. विंडोजने सुचवलेला डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सचा बॅकअप सुरू केला की ही फोल्डरे वनड्राइव्हच्या फोल्डरात हलवली जातात, हेही आधी माहीत असावे. नाहीतर जुन्या जागी फाइल दिसत नाही म्हणून माणूस घाबरतो आणि घाबरलेल्या हाताने भलतेच बटण दाबतो.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल मला फार कळकळीने सांगावेसे वाटते. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरवून दिलेले सामाईक संकेत. देवनागरी ऑक्टोबर १९९१ मधल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात आहे, पण आपल्याकडच्या छपाईचे काम त्यानंतरही कित्येक वर्षे श्रीलिपीसारख्या जुन्या संकेतांच्या फाँटमध्ये होत राहिले. अशा फाइलमध्ये मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असतात, आणि त्यांना मराठी रूप देतो तो फाँट. फाइल सुखरूप असली आणि फाँट गेला, तर पडद्यावर कोणालाही न वाचता येणारी चिन्हांची रांग दिसते. पुरानंतर एका संस्थेकडून मला आमचीच एक जुनी फाइल परत मिळाली होती, आणि ती वाचण्यासाठी तोच फाँट शोधत मी आठ दिवस हिंडलो. पेजमेकर या पाने मांडायच्या जुन्या प्रोग्रामच्या फायलींचे असेच आहे. त्या उघडू शकणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्ती सीएस६ होती. त्यानंतरच्या आवृत्त्या त्या उघडत नाहीत. म्हणून काम संपले की मी तीन गोष्टी एकत्र ठेवतो: छायाचित्रे आणि फाँट यांच्यासह पॅकेज केलेली मूळ फाइल, फाँट अंतर्भूत असलेली पीडीएफ, आणि युनिकोडमध्ये रूपांतरित करून प्रूफ वाचलेला साधा मजकूर. तिसरी गोष्ट सर्वांत लहान असते, काही केबींची, पण वीस वर्षांनी तीच उपयोगी पडेल याविषयी मला शंका नाही.

फाइलची नावे देवनागरीत ठेवायला हरकत नाही, मात्र ती आटोपशीर ठेवावीत. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाते. लिनक्सवर फायली साठवण्याच्या नेहमीच्या ext4 रचनेत नावाची मर्यादा २५५ बाइटांची असल्यामुळे तिथे ८५ चिन्हांपलीकडचे नाव बसत नाही.

क्लाउड म्हणजेही शेवटी कुठेतरी उभी असलेली इमारतच असते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत जळून गेली, आणि काही ग्राहकांच्या बॅकअपच्या प्रती त्याच आवारात असल्याचे तेव्हा उघड झाले. ती बातमी वाचताना मला आमच्या टेबलाचा खालचा खण आठवला. म्हणून मी हार्डडिस्क सोडलेली नाही. दोन हार्डडिस्क आहेत. एक घरी असते, दुसरी नाशिकरोडला ताईकडे असते, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवायला गेलो की त्यांची अदलाबदल होते. डिस्कवर आधारकार्ड, पॅन आणि ग्राहकांची कागदपत्रेही असल्यामुळे त्या व्हेराक्रिप्ट या प्रोग्रामने पासवर्ड लावून कुलूपबंद केल्या आहेत. तो पासवर्ड विसरला तर कोणीही त्या उघडून देऊ शकणार नाही, म्हणून तो आणि फोन हाताशी नसतानाही गूगल खाते उघडता यावे म्हणून मिळणारे दहा बॅकअप कोड एका कागदावर लिहून घरातल्या दागिन्यांच्या डब्यात ठेवले आहेत. तो कागद कशाचा आहे हे बायकोला आणि ताईला नीट समजावून सांगितले आहे. क्लाउडचे वर्षाचे पैसे भरायची तारीखही त्यावर लिहिली आहे.

बॅकअप परत आणून पाहण्याचे काम मी सर्वांत उशिरा शिकलो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या त्यांच्या पाचही पद्धती ऐन वेळी निरुपयोगी ठरल्या होत्या आणि सहा तास आधी दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एका प्रतीवर त्यांना काम भागवावे लागले. हे त्यांनी स्वतःच जाहीर केले. जिथे रात्रंदिवस तज्ज्ञ बसलेले असतात तिथे असे होते, तर माझ्या हार्डडिस्कची मी खात्री कशी देणार? म्हणून डिस्कची अदलाबदल झाली की त्याच दुपारी ताईच्या लॅपटॉपवर, ज्यावर आमचे कोणतेच सॉफ्टवेअर नाही, मी जुन्या वर्षातले एक फोल्डर उतरवतो आणि त्यातली पीडीएफ व साधा मजकूर उघडून पाहतो. गेल्या रविवारी २०१८ मधल्या एका शाळेच्या हस्तलिखिताचे फोल्डर निघाले. मजकूर उघडला, पीडीएफ उघडली, आणि भाचीने तिच्या वर्गातल्या मुलीची कविता त्यात शोधून काढून मोठ्याने वाचून दाखवली.