करंगळी सोडून

बेळगावच्या वडगावात मी ब्लाऊज शिवते. शहापूरच्या दुकानांतून साडी घेतलेल्या बायका तिथूनच माझ्याकडं येतात, आणि तुळशीचं लग्न झालं की मशीनला उसंत नसते. गेल्या हंगामात उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. दिवसा कात्री चालवताना थोड्या, पण खरा त्रास रात्री. ऐन झोपेत हात जड होऊन जाग यायची, उठून झटकला की बरं वाटायचं, डोळा लागला की पुन्हा तेच. पुढं पुढं सुईत दोरा ओवता येईना, हूक लावताना चिमटीतून निसटायला लागले.

आमच्याकडं सल्ल्याला तोटा नाही. सासूबाईंनी कोमट खोबरेल चोळलं, शेजारच्या काकूंनी वात आहे म्हणून ओवा चावायला दिला, मेडिकलवाल्यानं ताकदीच्या गोळ्या दिल्या. जाऊबाई म्हणाल्या, "मानेची शीर दबली असणार, एमआरआय काढून टाक की." त्यांना प्रत्येक दुखण्याला एमआरआयच लागतो. शेवटी ह्यांनी उद्यमबागेतल्या एका सोबत्याकडून हाडांच्या डॉक्टरांचं नाव आणलं.

डॉक्टर कन्नड बोलणारे, आणि माझं कन्नड बाजारापुरतं. पण त्यांनी विचारलं ते असं की भाषेचं काही अडलंच नाही. स्वतःचा पंजा माझ्यापुढं धरून एकेका बोटावर पेन टेकवत गेले: हे? हे? हे? मला वाटत होतं अख्खा हातच बधिर होतो; झोपेतून दचकून उठलेलं माणूस बोटं कुठं मोजतं? पण तिथं बसून नीट आठवलं तर अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट, आणि अनामिकेची फक्त मधल्या बोटाकडची बाजू. करंगळी अगदी शहाणी. एवढं ऐकल्यावर त्यांनी मान हलवली आणि मनगट हातात घेतलं.

दोन्ही हातांचे पंजे खाली दुमडून, पाठीला पाठ लावून मिनिटभर धरायला लावलं. मिनिट व्हायच्या आतच मुंग्या. मग मनगटावर बोटानं टकटक केलं तर मधल्या बोटापर्यंत झिणझिण गेली. नाव सांगितलं कार्पल टनेल. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद वाट असते. खालून हाडं, वरून जाड पडदा. तिच्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, जातात आणि त्यांच्याच सोबत एक नस. मला ते लगेच कळलं, कारण परकराच्या नेफ्यात एकीला दोन नाड्या घातल्या की काय होतं ते मी रोज बघते. आतलं थोडं जरी सुजलं तरी दाबली जाते ती नस. झोपेत मनगट दुमडतं, वाट आणखी आवळते, म्हणून रात्रीची जाग.

करंगळीची नस वेगळी. ती कोपराच्या आतल्या बाजूनं जाते, जिथं कोपर आपटलं की झटका बसतो तिथून. करंगळी आणि तिच्या शेजारची अर्धी अनामिका बधिर होत असेल तर डॉक्टर कोपर तपासतात. मानेचं दुखणं बहुधा खांद्यातून दंडात उतरतं आणि मान वळवली की वाढतं. म्हणून माझी मानही वळवून बघितली. शुगरवाल्यांना मुंग्या सहसा आधी पायांना येतात. हातावर फिकट चट्टा आहे काय तेही त्यांनी पाहिलं आणि कापसाचा बोळा फिरवला. चट्ट्यावर स्पर्शच कळत नसेल तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी लागते. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण लोक लाजेपायी चट्टा झाकून ठेवतात, आणि नस गेली की ती परत येईलच असं नाही.

रक्त तपासलं: शुगर, थायरॉइड, बी-ट्वेल्व. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांचं बी-ट्वेल्व कमी होऊ शकतं असं तेव्हाच कळलं. माझं थायरॉइड कमी काम करत होतं. त्यानंही मनगटात सूज धरते, आणि वर शिलाईचं काम.

मग नसांची तपासणी. तिला सगळे एनसीव्ही म्हणतात आणि 'करंट देतात' म्हणून भिववतात. करंट देतात हे खरं, पण बारीक, टिचकी मारल्यासारखा. बोट आपोआप उडतं आणि मशीन वेळ मोजतं, संदेश मनगट ओलांडायला किती घेतो त्याची. तिथल्या बाईंनी आधी विचारलं, "हाताला तेल लावून आलाय काय?" सासूबाईंना त्या दिवशी लांबच ठेवलं होतं. हात गार असले तर नस मुळातच हळू चालते, म्हणून ते आधी गरम करून घेतले. हृदयाला पेसमेकर बसवला असेल तर मात्र आधीच सांगायचं. उपाशी जायची गरज नाही. माझा उजवा हात मध्यम निघाला, डावा सौम्य.

उपाय ऐकून मी जरा हिरमुसले: रात्री मनगटाला स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ धरणारा पट्टा, बांधून झोपायचं, थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, बस्स. फरक पडला नाही तर मनगटात इंजेक्शन, त्यानंतर ऑपरेशन. स्प्लिंट मेडिकलमधून आणली तर आतली पट्टी वर वाकलेली होती. डॉक्टरांनी ती बाहेर काढून जवळजवळ सरळ केली. मनगट सरळ राहिलं तरच वाट मोकळी राहते. हे दुकानदार सांगत नाही. काही आठवड्यांत रात्रीची जाग थांबली, सुईत दोरा जायला त्याहून वेळ लागला.

बाहेर पडताना डॉक्टरांनी ह्यांना बजावलं ते वेगळंच. बधिरपणा हळूहळू येतोय तोवर अपॉइंटमेंट चालते. पण अचानक एका बाजूचा हात लुळा-बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तेल नको, वाट बघणं नको. १०८ ला फोन करायचा आणि किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवायचं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही स्कॅन झाल्यावर. छातीत दुखून डावा हात जड झाला, किंवा पडल्यावर, मान आपटल्यावर हातपाय बधिर झाले, तरी लगेच दवाखाना.

हे सगळं शिकून मी निपाणीला मावशीकडं गेले, आणि तिचा हात बघून धस्स झालं. मावशीचा जन्म विड्या वळण्यात गेला. अंगठ्याखालची मांसल गादी पार बसली होती. तिला मुंग्यांचं काही वाटत नव्हतं. वर्षानुवर्षं होत्या, मग कमी झाल्या, म्हणून ती खूश. कमी झाल्या त्या नस दमल्यामुळं. तिच्या हाताला पट्टीनं भागणार नव्हतं. फक्त हात बधिर करून तो जाड पडदा कापला, ती त्याच दिवशी घरी आली. झोप लागते आता तिला. अंगठ्याची पकड पूर्ण येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

मावशीच्या दुसऱ्या हाताची तपासणी दिवाळीनंतर ठरली आहे. तोवर रात्री स्प्लिंट बांधायची, आणि ती "बांधते गं" म्हणते त्यावर माझा विश्वास नाही, म्हणून फोन मी तिच्या सुनेलाच करते.