खांदा कानाला लावून दहा सेकंद

अर्धी भाकरी झाली की माझा जबडा संपावर जायचा. हनुवटीला हाताचा टेकू देऊन उरलेली चावायची. संध्याकाळी डावी पापणी खाली यायची आणि बातम्या देणारी बाई एकीच्या दोन दिसायची. सकाळी मात्र ठणठणीत, आणि अपॉइंटमेंट नेमकी सकाळची! एका डॉक्टरांनी तर टेन्शनवर ढकललं. दुसऱ्या, न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी मायस्थेनियाचा, म्हणजे मज्जातंतूचा संदेश स्नायूला नीट न पोचल्याने स्नायू लवकर दमण्याच्या आजाराचा, संशय घेऊन आरएनएस टेस्ट लिहून दिली. त्यात मज्जातंतूला लागोपाठ शॉक देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजतात.

आधी हात शेकला. गार स्नायूत खोट लपते म्हणे. मग मनगटाशी सेकंदाला तीन असे दहा शॉक. गॅसचा लायटर कोणी कातडीवर टिकटिकवावा तसं वाटतं. करंगळीच्या स्नायूत काहीच निघालं नाही, मी हिरमुसले.

मग मानेत शॉक, नोंद खांद्याची. पडद्यावर दहा टेकड्या, दर शॉकला स्नायूच्या प्रतिसादाची एक. चौथी पहिलीपेक्षा २२ टक्क्यांनी बुटकी. दहा टक्क्यांच्या वर घट गेली की दखल घेतात.

टेस्ट करणारा म्हणाला, "ताई, खांदा कानाला लावायचा. मी दाबतोय, तरी सोडायचा नाही!" दहा सेकंद जीव खाऊन धरला. लगेच शॉक, आणि टेकड्या जवळपास एका उंचीच्या! मी घाबरलेच. आता पुन्हा टेन्शनच म्हणणार.

डॉक्टर म्हणाल्या, हेच अपेक्षित होतं. जोर लावला की मज्जातंतूच्या टोकात कॅल्शियम साचतं, पुढच्या प्रत्येक संदेशाला ॲसिटाइलकोलीन, म्हणजे स्नायूला निरोप देणारं रसायन, जास्त सुटतं. माझ्या स्नायूवरचे हा निरोप घेणारे रिसेप्टर माझ्याच शरीरातल्या अँटिबॉडींनी अडवलेत. जास्तीच्या रसायनाने तेवढ्यापुरतं भागतं. लॅम्बर्ट-ईटन नावाच्या आजारात खोट पाठवणाऱ्या टोकाला असते. तिथे पहिलीच टेकडी ठेंगणी, आणि दहा सेकंदांच्या जोरानंतर ती दुप्पट किंवा त्याहूनही उंच होते. माझी पहिली मुळातच नीट होती.

नंतर पूर्ण एक मिनिट खांदा वर. मग दर मिनिटाला शॉक, मधे नुसतं बसून राहायचं. तिसऱ्या मिनिटाला घट ३४ टक्के. मला बाई अक्षरशः आनंद झाला! आजार निघाल्याचा आनंद, पण झाला.

आता जेवणाआधी अर्धा तास पायरिडोस्टिग्मिन हे या आजाराचं औषध घेते. भाकरी पुरी होते, कडक कडा सोडून. या आजारात थायमस ग्रंथीही तपासतात, त्यासाठी छातीचा सीटी सोमवारी आहे.